पलटीशास्त्र : सेवानिवृत्तांसाठी

ब्राउझरमधली स्टंट मोटारसायकल चालवायला लायसन्स लागत नाही, हे आमच्या बाबांना कळलं आणि घरातला कॉम्प्युटर गेला. ज्या माणसाने ३२ वर्षं बजाज चेतक कधी चाळिसाच्या वर नेली नाही, तो हल्ली रोज दुपारी तीन ते चार डोक्यावर पडतो. अशा होतकरूंसाठी हे मार्गदर्शन.

नियम १. चेतक विसरा. ती सुरू होईना की एका अंगाला कलवून किक मारायची असे. कीबोर्ड कलवू नये. चार बाण : वरचा गॅस, खालचा ब्रेक, उरलेले दोन तोलासाठी. क्लच शोधू नये.

नियम २. स्वतः कलू नका. हा नियम आजवर कोणाच्याने पाळला गेलेला नाही. चढ आला की बाबा खुर्चीत पुढे झुकतात. गाडी उडाली की श्वास रोखतात. ती मागे कलंडू लागली की त्यांचा डावा हात आधाराला टेबल चाचपतो. मंगळवारी तिथे चहा होता. पडद्यावरचा स्वार सुखरूप उतरला.

नियम ३. (इथे वही काढा.) हवेत गॅस दिला की मागचं चाक जोरात फिरतं, बाकीची गाडी उलट फिरू पाहते आणि नाक वर येतं. ब्रेक दाबला की चाकाची फिरकी गाडीत उतरते आणि नाक खाली जातं. खरे मोटोक्रॉसवालेही हवेत हेच करतात. याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. मी ‘अक्षय्यता’पर्यंत पोचेस्तोवर बाबांनी दोन पलट्या मारल्या होत्या. उतरताना दोन्ही चाकं उताराला समांतर हवीत. सपाटीवर नाक खुपसलं की संपलं.

नियम ४. कुठल्याही खेळावर जीव लावू नका. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यावर चालणारे हजारो खेळ एका फटक्यात मुके झाले. त्यात माझी एक सायकल होती, सतराव्या पातळीवर अडकलेली. रफल नावाच्या प्रोग्रॅममुळे त्यातले बरेच आता पुन्हा चालतात म्हणे. सायकल सापडली नाही. असो.

नियम ५. गर्व झाल्यास क्वॉप खेळावा. बेनेट फॉडी यांचा हा २००८चा खेळ. क्यू-डब्ल्यूने मांड्या, ओ-पीने पोटऱ्या हलवत १०० मीटर धावायचं. बाबा पहिल्या दिवशी मागे पडून उणे अंतर धावले आणि म्हणाले, “गाडीच बरी.”

नियम ६. पडल्यावर कारणं देऊ नका. हे मी बाबांकडून शिकलो. एका पावसाळ्यात ते चेतकवरून घसरले, तर सहा आठवडे प्लास्टर आणि वर्षभर खड्ड्याला, नगरपालिकेला, टायरला शिव्या. इथे ते चाळीस वेळा पडतात आणि चाळीसही वेळा फक्त “परत” एवढंच म्हणतात. प्लास्टर नाही, पंचनामा नाही, बटण दाबलं की गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर.

नियम ७. मागे कोणाला बसवू नका. आई शेजारी स्टूल घेऊन मटार सोलत बसते, पडद्याकडे बघतसुद्धा नाही. काल मोठी उडी आली. “अहो, हळू!” म्हणत तिने, चेतकवर धरायची तसा, त्यांचा खांदा धरला. मटार घरभर. बाबांनी ब्रेक दाबला.