पिकअप बघणारे भाऊ

मुली बघत फिरणारा चोखंदळ नवरदेवही दोन-तीन वर्षांत कुठेतरी होकार देऊन मोकळा होतो. बेस गिटारवाले भाऊ अजून गिटारचं पिकअपच बघताहेत.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असा एखादा भाऊ हमखास सापडतो. दिग्रसला असला तर मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वणीला असला तर कोळसा खाणीत नोकरी. पण जीव ऑर्केस्ट्रात. नवरात्रात यवतमाळ दुर्गादेवीपायी रात्रभर जागं असतं, तेव्हा मंचावर ऑक्टोपॅड आणि पडद्याच्या बेचक्यात मान खाली घालून उभा असतो तो हाच. गायिकेवर नोटा उधळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात. याला एखादं पोरगं विचारतं, "काका, तुमच्या गिटारले दोन तारा कमी काहून हायेत?"

भाऊंचं दुःख मात्र वेगळंच. त्यांचा बेस तारेला हात न लावताही घुंऽऽ करतो. याचं शास्त्र ते दत्त चौकात चहा थंड होईस्तोवर समजावतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर बेसची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. पण हेच वेढे आजूबाजूच्या वायरिंगची गुणगुणही पकडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बेसच्या सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या सुराहून जराशी चढी. "म्हंजे पाहा, माह्या आंधी लाइनच वाजवून रायली!" भारनियमनात ही घुंऽऽ थांबते. पण मग अँप्लिफायरही थांबतो.

यावर इलाज फेंडर कंपनीनं १९५७ सालीच काढला होता. प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन तुकडे केले, एकाचे चुंबक आणि वेढे दुसऱ्याच्या उलट ठेवले. गुणगुण आपसात कटते, तारेचा आवाज उरतो. भाऊंचा बेस मात्र जॅझ बेसच्या धाटणीचा, दोन सुट्या पिकअपांचा. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तरी घुंऽऽ बरीच जाते. हे त्यांना ठाऊक आहे. "पण मंग आवाज पातळ होते ना, राजा." त्यांना हवा पंचमदांकडे टोनी वाझ वाजवायचे तसला भरीव आवाज. म्हणून चुंबक अल्निकोचे की सिरॅमिकचे, नऊ व्होल्टची बॅटरी घालायची की नाही, वेढ्यांचा रोध किती किलोओहम, हे चिंतन. किलोओहम वाढले म्हणजे आवाज भारी झाला असं काही नसतं, पण हे भाऊंना कोण सांगणार?

मध्यंतरी त्यांनी जुनंच पिकअप नव्यानं गुंडाळून घ्यायचं ठरवलं आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. हंगाम ओलिताचा, दुकानात जळालेल्या मोटारींची रांग.

"विहिरीवरची हाय का बोअरची?" मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं.

"बेसची."

मिस्त्रीनं पिकअप तळहातावर घेतलं, तारेचं टोक उजेडात धरलं. "हे तार हाय का कोळ्याचं जाळं? किती एचपी?"

"एचपी नाही, वेढे मोजायचे. नऊ हजारांच्या आसपास."

मिस्त्री बराच वेळ गप्प राहिला. मग आपुलकीनं म्हणाला, "भाऊ, नवी मोटार घेऊन टाका."

परवा मी भीत भीत सुचवलं, "पिकअप राहू द्या. आंधी तारा तं बदला, गंजल्या हायेत."

भाऊ खवळले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन! १९६२ सालचा प्रिसिजन बेस, आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही. "त्या तारांवरचा मळच तं त्याचा आवाज होता!"

"पण त्यानं पिकअप तरी कुठं बदललं?"

भाऊंनी कप खाली ठेवला. डोळे मिटून हिशोब केला.

"त्याच्या गावाले लाइन साठ हर्ट्झची होती."