जॉली बॉयवर बाकरवडी

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे डोळे पुसतो. मात्र त्याच्यावर प्रत्यक्ष अन्याय होतो तो वंडूरच्या जेटीवर. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या बोटी इथून सुटतात, आणि चढण्याआधी वनखात्याचा माणूस सांगतो : प्लास्टिक काढा.

प्लास्टिक काढा? बाकरवडी पाकिटात, चिवडा पिशवीत, ओले कपडे ठेवायला पिशवी, आणि वेळेला असाव्यात म्हणून पिशव्यांची एक पिशवी. हे सगळं काढल्यावर सहलीत उरतं काय? पाण्याच्या बाटलीलाही अनामत. बाटली परत आणली तरच पैसे परत. लाखभराचं पॅकेज न कुरकुरता भरणारे काका त्या पावतीला असे जपतात, की मासे बघतानाही एक हात खिशावर.

१९८३ साली जाहीर झालेल्या या उद्यानात १५ बेटं आहेत. पर्यटकांना नेतात ते जॉली बॉयला, नाहीतर पावसाळ्याच्या दिवसांत रेड स्किनला. आळीपाळीने बेटांना विश्रांती मिळते. आमच्या सहलीत ही सोय माणसांना नसते. पहाटे साडेपाचला दारावर टकटक आणि बॅगा बाहेर.

काचेच्या तळाच्या होडीत सगळे एकाच बाजूला वाकतात, होडी कलते, नावाडी ओरडतो. खाली प्रवाळ. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या पोटातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. तसा एखादा पांढरा तुकडा दिसला, की काकू म्हणतात, “बाई, किती स्वच्छ ठेवलंय!”

स्नॉर्कलिंगमध्ये तोंडाने श्वास घ्यायचा, हे योगवर्गवाल्या जोशीकाकांना तत्त्वतः मान्य नाही. ते नाकाने घेऊ बघतात, मुखवटा नाकाला चिकटतो, काका घाबरून उभे राहतात. कशावर? प्रवाळावर. कायद्याने हा जीव वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे. वाघावर उभं राहून दम खाताना मात्र अजून कोणी दिसलेलं नाही.

स्कूबासाठी मंडळी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जातात. पोहता येत नसलं तरी चालतं. प्रशिक्षक मागून टाकी धरून माणसाला सामानासारखा फिरवतो. खुणा आधी शिकवतात : सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ, अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. जोशीकाका तेव्हा सनस्क्रीन चोपडत होते. खाली गेल्यावर समोर कॅमेरा आला आणि त्यांनी, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी करतात तसा, अंगठा वर केला. प्रशिक्षकाने त्यांना आज्ञाधारकपणे वर आणलं. काका पुन्हा खाली गेले. पुन्हा कॅमेरा आला.