हललात तर उजेड

घरी पाहुणे आले की मी त्यांना पाण्याआधी दिवे दाखवतो. फोनवर बोट टेकलं की पंखा फिरतो, गॅलरीतला दिवा लागतो. आणि पाहुण्याने 'वा!' म्हणायला उशीर केला तर विझवून पुन्हा लावतो. बायको मात्र अजून भिंतीवरचं बटणच दाबते. "बटणाला वाय-फाय लागत नाही," म्हणते. यावर माझं संशोधन चालू आहे.

सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून झाली. तापकीर गल्लीतून ईएसपी ८२६६ची चिप आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर आणला. टाकी भरत आली की तो एमक्यूटीटीवरून स्वयंपाकघरातल्या बझरला निरोप धाडतो. आता हे एमक्यूटीटी, म्हणजे यंत्रांची एकमेकांना निरोप द्यायची पद्धत, साधंसुधं प्रकरण नव्हे बरं का! १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवायला तयार केलं. निरोप जायचा उपग्रहावरून, आणि ते काम महागडं. म्हणून एकेक बाइट तोलूनमापून. त्यातली एक सोय तर अशी, की आठवली की मला झोप येत नाही. प्रत्येक यंत्र जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र ब्रोकरकडे, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या मध्यस्थाकडे, देऊन ठेवू शकतं. ते अचानक गप्प झालं, की ज्यांनी ज्यांनी ऐकायची तयारी दाखवलीय त्यांना ब्रोकर ते वाचून दाखवतो. केवढी शिस्त! आमच्या घराण्यात हे एकालाही जमलं नाही, म्हणून तर कोकणातली जमीन अजून कोर्टात आहे.

"एवढं करून टाकी वाहतेच ना?" बायको. वाहते. सेन्सरवर बाष्प धरतं, त्याला मी काय करू?

आईच्या खोलीत पीआयआर सेन्सर बसवला. त्याला माणूस कळत नाही, हलती ऊब तेवढी कळते. आई डोळे मिटून जपाला बसली की थोड्या वेळात गुडुप्प अंधार. मग माळेचा मणी अंगठ्याखाली दाबून ठेवून ती दुसरा हात हवेत हलवायची, की उजेड. एकदा वैतागून म्हणाली, "स्वस्थ बसलेलं माणूस घरात नसतंच का रे?"

प्रश्न यंत्राला होता, असं मी धरून चाललो.

दुसऱ्याच दिवशी २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर मागवला. श्वासागणिक हलणारी छातीसुद्धा तो टिपतो. आता दिवा जात नाही. शिवाय ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरला की दिसतं: 'आई – आहे'. पाहुण्यांना सगळं दाखवतो, हे तेवढं दाखवत नाही.

आईला मात्र ती डबी खुपली. "देवासमोर बसले तरी माझ्यावर पहारा कसला?" म्हणत तिने तिच्यावर कालनिर्णय टांगलं. आता ती निर्धास्त आहे. रडारच्या लहरी कागदातून आरपार जातात, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही घरी आलात तर तुम्हीही बोलू नका.