वाढत्या अंगाचं हेल्मेट

मुरुडच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर परवा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा नव्या सायकलवर दिसला. डोक्यावर हेल्मेट. फार बरं वाटलं. जवळ आला तेव्हा दिसलं, की हेल्मेट मागे मानेवर कललंय, कपाळ सगळं उघडं आणि पट्टा गळ्यात लोंबतोय. "वाढत्या अंगाचं घेतलंय," वडील म्हणाले.

गणवेश घ्या वाढत्या अंगाचा. हेल्मेट नको. हातपाय वाढतात तसं डोकं वाढत नाही; दहाव्या वर्षापर्यंत ते जवळजवळ मोठ्या माणसाएवढं होऊन जातं.

दारोदार माड असलेल्या गावाला हे कळायला सोपं आहे. माडावरून पडलेला नारळ सहसा फुटत नाही, कारण त्याला सोडण असतं. तोच सोलून देवळाच्या पायरीवर आपटा, एका फटक्यात दोन शकलं. आपलं डोकं हा सोललेला नारळ. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर हे त्याचं सोडण. आपटला की तो चेपतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. चेपलेला पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. आणि सोडण नारळाला घट्ट धरून असतं, डुगडुगत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप काढा. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या सेंटीमीटरचं हेल्मेट मागा. घातल्यावर ते सपाट बसावं, भुवयांच्या वर दोन बोटं, जास्त नाही. मागची चकती फिरवून आवळा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली येऊन मिळावेत. हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा. मग मोठी जांभई द्या. हेल्मेट टाळूवर दाबलं गेलं तर पट्टा बरोबर, नाहीतर अजून ओढा.

मोटारसायकलचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढवू नका. त्याचं वजन मानेला झेपत नाही आणि कोकणातल्या घामात ते दहा मिनिटांत हँडलला लटकतं.

सायकलला सक्ती कुठे आहे, असं म्हणू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलपुरतं आहे, हे खरं. पण व्यावसायिक शर्यतींतही सक्ती आली ती २००३ मध्ये, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हेल्मेटविना पडून दगावल्यावर. आपण कोणाच्या मरणाची वाट बघायची?

त्या मुलाची चकती मी शेवटपर्यंत आवळली. त्याने जांभई दिली. हेल्मेट ढिम्म हललं नाही, पट्टा सैलच राहिला. दोन आकार मोठं होतं. वडिलांना म्हटलं, आजच बदलून आणा. असूदच्या उतारावर ओल्या वळणात चाक घसरेल ते यंदाच्या पावसात, आणि हे हेल्मेट तुम्ही घेतलंय पाच वर्षांनंतरच्या डोक्यासाठी.