पालीचा वास्तुविशारद

सोसायटीत कुणाकडे नवा फ्रिज आला की पेढे मागायला चौघे येतात. खोक्यातला थर्मोकोल मागायला एकच येतो. तो हा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा मखरवाल्यांहून अधिक हळहळ यालाच वाटली.

याच्या हॉलमध्ये काचेच्या उभ्या पेटीत एक क्रेस्टेड गेको राहतो. बायको त्याला सरळ ‘पाल’ म्हणते. मग हा चष्मा पुसून सांगू लागतो, की ही जात न्यू कॅलेडोनियातली, नामशेषच झाली असं समजत होते, १९९४ मध्ये पुन्हा सापडली. ‘‘सापडली ना? मग राहू द्यायची तिथेच!’’ बायको म्हणते.

पेटीमागे जंगलाचं छापील पोस्टर चिकटवणाऱ्यांना हा माणसांत धरत नाही. याला हवी नैसर्गिक भिंत. त्यासाठी थर्मोकोलचे थर सिलिकॉननं चिकटवायचे, फटींत पीयू फोम मारायचा, तो फुगून कडक झाला की सुरीनं कपारी कोरायच्या. वर टाइल ग्राउटचे हात. पहिला ताकासारखा पातळ, पुढचे दाट. मग अ‍ॅक्रेलिक रंग आणि शेवटी ओल्या सिलिकॉनवर दाबलेलं कोकोपीट. निम्मं हार्डवेअरचं दुकान रिकामं करून जे उभं राहतं, त्याला हा ‘निसर्ग’ म्हणतो. दुकानदार बिचारा आपुलकीनं सुचवतो, ‘‘साहेब, हे सिलिकॉन न्या, याला बुरशी धरत नाही.’’ हा दचकतो. ‘‘म्हणजे आत बुरशीनाशक! बुरशी चालेल हो, विष नको.’’ सिलिकॉन वाळेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास. आलेले पाहुणे विचारतात, ‘‘लोणचं घातलंय का?’’

या रोगाची लागण दिवाळीच्या किल्ल्यावर होते. अळीव पेरून जंगल फुलवणाऱ्या बाकीच्या पोरांना पुढे नोकऱ्या लागल्या. यालाही लागली, पण हातावरची माती उतरली नाही. म्हणून याची पहिली भिंत थेट कोकणकडा होती. काळाकभिन्न बेसाल्ट, आडवे थर, सगळं बिनचूक. मग कुठेतरी वाचलं, की न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिणेला निकेलची लाल माती आहे. झालं! गेकोला परक्या मुलखात राहावं लागतंय या विचारानं याला झोप लागेना. कडा पाडला, लाल डोंगर उभा राहिला.

याच सुमारास बेडरूमच्या भिंतीचे पोपडे गळत असतात. ते काम ‘पावसाळ्यानंतर’. पेटीत मात्र रोज रात्री फवारणी, कारण गेकोला दमट हवा लागते. ‘‘अहो, ओलच हवी तर आपली बेडरूम द्या त्याला,’’ बायको म्हणते. एप्रिलमध्ये हॉलचा एसी चालतो, तोही गेकोला उकाडा सोसत नाही म्हणून. घरची मंडळी त्याच्या पुण्याईवर तिथेच गाद्या टाकतात.

भिंत बघायला आम्हा मित्रांना रात्रीच बोलावणं येतं, कारण गेको दिवसभर झोपतो. आम्ही खुर्च्या मांडून बसतो. गेको उठतो, पापण्या नसल्यानं जिभेनंच डोळे पुसतो, लाल डोंगराला वळसा घालतो आणि पुढच्या कोऱ्या काचेवर, आमच्याकडे पोट करून, चिकटून बसतो. डोंगराकडे ढुंकूनही बघत नाही. आम्ही चोरून एकमेकांकडे बघतो.

याचा चेहरा मात्र उजळलेला. ‘‘बघा, किती निर्धास्त बसलाय! पाठीशी भक्कम भिंत असली की असं होतं.’’