कोमल निषादाचं बेअरिंग

गाडीत नवा आवाज येऊ लागला की तो आधी फक्त मालकाला ऐकू येतो. त्यासाठी कान तीक्ष्ण असावे लागत नाहीत, कर्जाचे हप्ते चालू असले की पुरे. नाहीतर बेंगळुरूच्या यशवंतपुरात राहून बॉनेटखालची बारीकशी कुई कोणाला ऐकू येणार? इकडे जंक्शनवर इंजिनं भोंगे देतात, तिकडे तुमकूर रोडच्या उड्डाणपुलावर मालट्रक घोंघावतात, डोक्यावरून मेट्रो जाते आणि एपीएमसी यार्डाच्या तोंडाशी कांद्याचे ट्रक हॉर्नवर हात ठेवून उभे असतात. त्यांतले कित्येक आपल्या नगर-नाशिकचे. गावाकडचा कांदा या शहरात माझ्याआधी रुळला! एवढ्या कल्लोळात सकाळी गाडी सुरू केली की ‘कुईंऽऽऽ’ व्हायचं आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

निदानं मात्र घरोघरून फुकट आली. ही म्हणाली, “एसी बंद करून बघ.” साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, “दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवलं होतंस ना रे?” पुण्याच्या मामांनी फोनवरच नाडी पाहिली, “स्टिअरिंगचं तेल उतरलंय. टॉप-अप कर.” मी म्हटलं, “मामा, या गाडीचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात तेल नसतंच.” पलीकडे क्षणभर शांतता. मग विजयी स्वरात, “बघ, म्हणूनच!”

खालच्या मजल्यावरचे काका धारवाडचे. मन्सूरांचं गाणं समोर बसून ऐकलेले. त्यामुळे कुकरची शिट्टीसुद्धा ते डोळे मिटून ऐकतात. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मान डोलावली आणि म्हणाले, “निषाद लागलाय की हो. कोमल. पण टिकत नाही बघा, ॲक्सिलरेटर दाबला की वर मींड घेतंय.”

काकांना हसण्यात अर्थ नव्हता. आमच्या शेजारीच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे. १९३३ साली तिथं संचालक म्हणून आलेले सी. व्ही. रामन प्रकाशासाठी नोबेल मिळवून बसले होते, पण त्याआधी त्यांनी वाद्यांच्या आवाजात बरीच वर्षं घातली होती. मृदंग-तबल्याच्या पुडीवरच्या शाईमुळे त्यातले उपस्वर एकमेकांशी कसे जुळतात, हे त्यांनी १९२० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. त्यांच्या नावाचा रस्ता आमच्याकडून मेखरी सर्कलच्या दिशेनं जातो आणि संशोधनाला लागणारा निवांतपणा तिथल्या सिग्नलवर भरपूर मिळतो.

त्या सिग्नलवर काकांच्या मींडेनंच वाट दाखवली. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, तरी पाय दाबला की सूर चढत होता. म्हणजे टायर सुटले, चाकांची बेअरिंगं सुटली. ती गाडी पळाल्याशिवाय बोलत नाहीत. स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं, फरक नाही. मग हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावले, तर कुईला जोर चढला. विजेचा भार वाढला की कण्हणारा प्राणी इंजिनाजवळ एकच, अल्टरनेटर. मागचा दुचाकीवाला मात्र भर उन्हात हेडलाइट लावून स्टिअरिंगशी झटणाऱ्या माणसाकडे फार काळजीनं बघत होता.

सर्व्हिस सेंटरला नेली, तर गाडी शाळेत पोचताच पोट दुखायचं थांबलेल्या पोरासारखी गप्प. सल्लागारानं कान न लावताच अख्खा अल्टरनेटर बदलायचा कागद पुढे केला. त्यावरचा आकडा वाचून मीच कुईं केलं.

शेवटी गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकनं ऐकलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही हे ऐकलं, आणि म्हणाला, “बिट्टु होगी, सार.” सोडून जा. बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की ते थंडीत रडतं आणि तापलं की शहाणं होतं. बेंगळुरूची पहाट त्याच्या कामी येणार होती.

सकाळी काकांना घेऊनच गेलो. मेकॅनिकनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. १८१६ साली पॅरिसच्या लाएनेक डॉक्टरांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपचा पाया घातला. इथं फक्त सुरळीच्या जागी लोखंड आलं होतं. मग त्यानं पट्टा काढून इंजिन जेमतेम काही सेकंद चालवलं. कुई गायब! पुल्या एकेक करून हातानं फिरवल्या. बाकीच्या लोण्यासारख्या फिरल्या आणि अल्टरनेटरची खरखरली. “बेरिंग होगबिट्टिदे, सार.” बेअरिंग गेलंय. जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून बेअरिंग आलं आणि संध्याकाळपर्यंत बसलं. सर्व्हिस सेंटरच्या कागदापुढे त्याची किंमत इतकी किरकोळ होती, की मला उगीचच कोणाला तरी फसवल्यासारखं वाटलं.

इंजिन सुरू झालं. कुई नाही. आम्ही सगळे खूश, काका तेवढे सुतकात. “बेअरिंगाबरोबर गाणं पण काढलंत,” असं पुटपुटत ते मागच्या सीटवर बसले. गॅरेजातून बाहेर पडायला मी रिव्हर्स टाकला आणि गाडीनं स्वच्छ, लांब ‘ऊंऽऽऽ’ लावला. मी हबकून ब्रेक मारला. मेकॅनिक हसला. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे असतात, ते हळूहळू एकमेकांत शिरतात म्हणून गुपचूप चालतात. रिव्हर्सचे बहुधा सरळ असतात, ते एकदम भिडतात आणि गातात. हा आजार नव्हे, कंपनी फिटिंग. याचं बिल नाही.

मागून काकांचा आवाज आला, “षड्ज! काय लागलाय हो!”

तेव्हापासून मी गाडी पार्किंगमध्ये सरळ घुसवतो. म्हणजे सकाळी ती रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागते. ही अट काकांची आहे. मी यायच्या आधीच ते खुर्ची टाकून बसलेले असतात आणि गाडी गेटबाहेर पडली की हात हलवून सांगतात, “थोडी आत घ्या, पुन्हा एकदा होऊ द्या!”