मल्टिपल एक्झिट, व्हाया भामरागड

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवायचं कसं, यावर पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहांत कार्यशाळांवर कार्यशाळा झडताहेत. त्या चहा-बिस्किटांच्या खर्चात सगळ्या तज्ज्ञांना लालपरीत बसवून गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला आणावं. इथे धोरण केव्हाच लागू झालंय.

धोरणातली थोर कल्पना म्हणजे 'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट'. एका वर्षाने बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मनात आलं की परत या. आमचा माडिया आदिवासी पोरगा एकाच वर्षात तीनदा बाहेर पडतो. पर्लकोटा नदी फुगून रस्ता बुडाला की पहिला एक्झिट. मार्च-एप्रिलात मोह गळू लागला की दुसरा. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जावंच लागतं. मे महिन्यात तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर तिसरा. पंधरा तासिकांचं एक क्रेडिट त्याला समजावून सांगावं लागतं. तेंदूच्या सत्तर पानांचं एक पुडकं मात्र तोंडपाठ, कारण त्याचे पैसे मिळतात.

बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणाल, तर तासिका तत्त्वावरचे सर बघा. सकाळी इतिहास, दुपारी अर्थशास्त्र, संध्याकाळी पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आणि रात्री कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकचे तक्ते. पूर आला की तास नाही, तास नाही की मानधन नाही. नॅकने 'उत्तम उपक्रम' विचारला की ते 'जलसाक्षरता' लिहून मोकळे होतात.

आता क्रेडिटचीही बँक निघालीय. पैशांच्या बँकेत निदान कारकून तरी खेकसतो. या बँकेत नुसता ओटीपी, आणि तो येईपर्यंत पोरगा मोबाइल उंच धरून टेकाडावर उभा.

विद्यापीठ दारी यावं म्हणून २०११ साली नागपूरपासून तोडून गोंडवाना विद्यापीठ काढलं. आलंच की दारी! गडचिरोली इथून जेमतेम १८० किलोमीटर.

तेव्हा एक्झिटची चिंता धोरणकर्त्यांनी सोडावी, ती आम्ही परस्पर भागवलीय. एंट्रीसाठी मात्र वसतिगृहात खाट, वेळेवर शिष्यवृत्ती आणि वर्षभर टिकणारा प्राध्यापक लागतो. त्यावरही एखादी कार्यशाळा घ्या. फक्त पावसाळ्यात आणि भामरागडलाच घ्या, म्हणजे तज्ज्ञांना एक्झिट मिळणार नाही.